घरी जायचा पाठ

माझं काम काय म्हणून कुणी विचारलं की मी कामाठी म्हणते अन् मोकळी होते. कामाठी म्हणजे पाणी भरायचं, झाडायचं, चहा करायचा, घंटा द्यायची, सायबाच्या टेबलावरचे गिलास विसळायचे. एवढं सांगितलं की समोरचं माणूस पुढं काही विचारत न्हाई. पण माझं खरं काम निराळंच हाय, अन् ते सांगितलं की मानसं हसत्यात न्हाईतर भेत्यात. आता दिवाळी अंकवाले दादा दोनदा येऊन गेले, म्हणले ताई, बोलता तसंच लिहा, शुद्ध-अशुद्ध आम्ही बघत न्हाई. म्हणून लिहून राहिले. माझी पाचवी झाली, सहावीत बसले अन् लग्न झालं. बबी खाली खेळून राहिली, दोन वर्षांची हाय, ती रडली की मला उठावं लागंल, म्हणून जे आधी आठवतंय ते आधी सांगते. मागंपुढं झालं तर माफ करा.

मी नवे हेडमास्तर तयार करते.

हसले ना? माझी सासू बी हसली व्हती. मग हसणं थांबलं तिचं, ते पुढं सांगते.

झालं असं की लातूर नवा जिल्हा झाला. जिल्हा नवा झाला म्हणजे कागदावर झाला, बसायला खुर्च्या कुठं व्हत्या? हापिसं धर्मशाळेत, न्हाईतर कुणाच्या तरी माडीवर. अन् नव्या जिल्ह्याला नवे हेडमास्तर पाहिजेत, म्हणून काल वर्गात फळा पुसणारा मास्तर आज हेडमास्तर. त्यातच पाऊस न्हाई. दुष्काळात साळंवर काय काय येतं ते बाहेरच्या मानसाला कळत न्हाई. निम्मे लेकरं मायबापासंगं खडी फोडायला जात्यात, कुठं पाण्यावरून वस्तीवस्तीत भांडण अन् ते भांडण साळंत येतं, कुठं गॅस्ट्रो, अन् कुठं लेकरूच जातं. जुना हेडमास्तर तोंड लपवून बदली करून घेतो, अन् त्या साळंवर नवा पाठवत्यात. त्याला कुणी सांगितलेलं नसतं की तिथं जाऊन काय करायचं.

असे नवे हेडमास्तर लातूरला जागा न्हाई म्हणून आमच्या नांदेडला यायचे, तीन दिवस. आमचं म्हणजे मास्तर घडवायचं विद्यालय, मी तिथं रोजंदारीवर. शिकवायला भुजंगराव गुरुजी. पासष्टी उलटलेली, रिटायर, तरी रोज धोतर नेसून येणार. निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, अजून बी साळंला मदरसा म्हणायचे. ते नव्या हेडमास्तरांला पहिल्याच दिवशी म्हणायचे, "मदरसा चालवायला समद्यांला येतं. मदरसा मोडल्यावर काय करता ते सांगा." अन् सगळे खाली बघायचे.

दारात उभी राहून मी किती डाव ऐकलं, पाठ झालंय मला. पहिल्या दिवशी कुलूप शिपायानं न्हाई, तुम्ही काढायचं. लेकरू गेलं असंल तर त्याची पाटी उचलून कपाटात टाकायची न्हाई. त्याच्या वर्गात सतरंजीवर त्याची जागा असती, ती रिकामी दिसती, लेकरं तिकडं बघून राहत्यात. तिथं पहिल्या दिवशी तुम्ही जाऊन बसा. मांडी घालून. दुसऱ्या दिवशी लेकरं आपोआप सरकत्यात. हे मला लई आवडायचं. चहा गार व्हायचा माझ्या हातात.

तर मास्तर लोकांचं असं असतं, की शिकायचं म्हणजे पाठ द्यायचा. म्हणजे खरे लेकरं समोर बसवून शिकवून दाखवायचं, अन् मागं बसलेला गुरुजी वहीत चुका लिहितो. भुजंगराव गुरुजी म्हणले, शिकवायचा पाठ समद्यांनी दिलेला हाय. आता घरी जायचा पाठ द्या. लेकरू गेलं. तुम्ही त्याच्या घरी चालले. ही कोपऱ्यातली सतरंजी म्हणजे घर. पण घरात आई पाहिजे ना? गुरुजींनी हॉलभर नजर फिरवली, सगळे बाप्ये. दारात मी, एका हातात किटली, कडंवर बबी.

"रंजना, ये. तू आई."

मी म्हणलं गुरुजी मला येत न्हाई. ते म्हणले, "तुला काय येयाचं हाय? बस फकत." मी बबीला शिपाईमामाजवळ दिलं अन् बसले. पदर तोंडावर घेतला, गुडघ्यात मान. रडू का काय करू कळंना, पण भेवानंच डोळ्याला पाणी आलं, अन् सगळ्यांला वाटलं बाई चांगली करून राहिली.

पाठ झाला की गुरुजी हेडमास्तरला काहीच म्हणायचे न्हाईत. मला विचारायचे, "रंजना, घेतलं का घरात ह्यांला?" अन् मी "घेतलं" न्हाईतर "न्हाई घेतलं" एवढंच म्हणायचं. तेच मार्क. बी.ए. बी.एड. झालेले मानसं, इस्त्रीचे कपडे, अन् पाचवी पास बाईच्या तोंडाकडं बघून राहिलेत. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटायची. मजा अन् भेव दोन्ही.

एकेक नमुने यायचे. एकजण आले, वहीच उघडली. म्हणले बाई, मुलीची जन्मतारीख सांगता का, पटावरून नाव कमी करायचंय. मी पदराआडून म्हणलं, न्हाई घेतलं. एक तालमीतले व्हते, दरवाज्यात मावंना असं अंग, ते माझ्यापुढं बसले अन् असे रडाया लागले, असे रडाया लागले, की मलाच त्यांच्या पाठीवर हात ठेवून "गप ऱ्हावा सायेब" म्हणावं लागलं. गुरुजींनी विचारलं तर मी म्हणलं, ह्यांनी मलाच त्यांच्या घरात घेतलं. हॉल हसला. एकजण भाषणच करून राहिले, अपघात हा नियतीचा, असं काहीतरी. भाषण संपलं तर सवयीनं मागचे दोघं टाळ्या वाजवून बसले.

अन् जाताना सगळे एकच चूक करायचे. उठायचे, हात जोडायचे अन् म्हणायचे, "येतो बाई." दुःखाच्या घरून निघताना येतो म्हणत असत्यात का? आपल्याकडं न बोलता बसायचं अन् न बोलता उठून जायचं. स्वतःच्या भावकीत ह्यांला हे बरोबर आठवतं. साळंच्या कामाला निघाले की विसरत्यात.

असंच एकदा एकाचा घसा कोरडा पडला, भेवानं. पाठ देता देता म्हणले, बाई, जराक पाणी देता? मी म्हणलं न्हाई घेतलं. गुरुजी म्हणले काहून गं? मी म्हणलं गुरुजी, ज्या घरात चूल पेटलेली न्हाई त्या घरात पाणी कोण मागतं? शेजारचे भाकर आणून देत्यात तवा घरचे खात्यात. गुरुजींनी मान हलवली, "वा", अन् उठून खडू घेऊन फळ्यावर लिहिलं, की दुःखाच्या घरी पाणी मागू नये, घेऊ नये. माझं बोलणं फळ्यावर! सगळ्यांनी वहीत उतरून घेतलं. मला त्या दिवशी चालताना पाय जमिनीला लागंना.

त्या फळ्याचं पुढं काय झालं तेच सांगायचंय मला.

पण त्याच्या आधी माझं एक सांगते. माझे मालक हैदराबादला बांधकामावर गेले ते तिकडंच राहिले, चिठ्ठी यायची आधी, मग कमी झाली. मी अन् बबी विद्यालयाच्या मागच्या खोलीत. आसपासच्या बायांला कळलं की ही मेल्या लेकराच्या आईचं सोंग करती. नळावर एक म्हणली, "जित्या लेकराची माय हाईस, असलं कसं धकतं गं तुला?" मग बबीला कुणी कडंवर घेईना. घेऊ नका म्हणून कुणी म्हणलं न्हाई, पण घेईना. सासूला कळलं तर ती उमरीकडून एस्टीनं आली, दारातूनच म्हणली, "माझ्या नातीवर मरण बोलावू लागलीस व्हय?" पाणी बी न पेता माघारी गेली. आम्ही बौद्ध, असलं नजर-बिजर मानायचं न्हाई, मला माहीत हाय. तरी पाठाच्या दिवशी मी बबीच्या गालाला काजळ लावायचे, अन् पाठ झाला की आधी धावत जाऊन तिच्या नाकाजवळ हात धरायचे. श्वास चालू हाय ना. रोज. इतके हेडमास्तर माझ्या घरी येऊन बसले, माझं सांत्वन करून गेले, पण मागच्या खोलीत वर्षभरात एक माणूस आलं न्हाई.

असो.

नागनाथ मास्तर म्हणून एक आले, उदगीरकडचे. बारीक, चष्मा, बोलताना अडकायचे. त्यांला अहमदपूरच्या पुढची एक साळा मिळाली व्हती. नाव लिहीत न्हाई. तिथं साळंमागं हीर. पाणी भरायची लेकरांला पाळी असायची, वर्गावर. दुष्काळानं पाणी खाली गेलं, दोर लांब झाला, काठाचे दगड सुटलेले, तरी पाळी काही थांबली न्हाई. चौथीतली एक पोरगी पाणी ओढता ओढता दगडासंगंच आत गेली. बौद्ध वस्तीतली. जुने हेडमास्तर त्याच आठवड्यात रजेवर गेले ते आलेच न्हाईत. वस्तीनं लेकरं काढून घेतले. मग बाकीच्या गावानं बी भेवानं काढून घेतले. वस्तीवाले म्हणले, गयाबाई पाठवंल तवा आम्ही पाठवू. गयाबाई म्हणजे त्या पोरीची आई. तिची धाकटी पोरगी दुसरीला व्हती, तिला ती घरीच ठेवायची.

नागनाथ मास्तर पाठात दोनदा नापास झाले माझ्याकडं. एकदा उभेच राहिले, एकदा "येतो" म्हणले. तिसऱ्यांदा आले, सतरंजीच्या कडंला बसले, चष्मा काढून हातात धरला अन् काहीच बोलले न्हाईत. बराच वेळ. मग उठून गेले. मी म्हणलं, घेतलं. जाताना माझ्यापाशी येऊन म्हणले, "बाई, तिथं गेल्यावर असंच असंल ना?" मी म्हणलं, "हाव, असंच असंल." मला काय माहीत व्हतं? मी म्हणले.

महिन्यानं ते परत आले, एकटेच. मी चहा घेऊन गेले तर गुरुजींसमोर मान खाली घालून बसलेले. म्हणले, गुरुजी, साळा बंद ती बंदच हाय, आता कायमची. मी सगळं वहीत लिहिल्यासारखं केलं. गेलो, न बोलता बसलो. तर गयाबाईनं आतून तांब्या भरून पाणी आणलं अन् माझ्यापुढं धरलं. मी हात जोडले. न्हाई म्हणलं. ती तांब्या धरून उभीच. मी परत हात जोडले. तर ती म्हणली, "माझी लेक तुमच्या साळंचं पाणी वढता वढता गेली, अन् तुमाला माझ्या घरचं पाणी चालंना?" अन् वस्तीतले मानसं उठून उभे राहिले. मी किती सांगायलो, तसं न्हाई, दुःखाच्या घरी... माझं ऐकतो कोण? गावभर झालं, नवा हेडमास्तर बी शिवाशिव पाळतो.

मी चहा तसाच खिडकीत ठेवला.

मला कसं कळलं न्हाई? माझ्या मायच्या घरी, उमरीजवळ, मी लहान असताना गुरुजी पट भरायला वस्तीत यायचे. उन्हात उभे राहायचे, घाम पुसायचे, माय तांब्या घेऊन दारात, अन् ते म्हणायचे "आत्ताच पेलो, आत्ताच पेलो." ते गेले की माय तांब्यातलं पाणी झाडाला वतायची अन् दिवसभर कुणाला बोलायची न्हाई. हे सगळं मला माहीत. मीच जगलेली. पण पाठात बसले की मी कुठल्याच वस्तीची नसायचे, नुसती आई असायचे, गुरुजींची. त्या हॉलमध्ये मला पहिल्यांदा कुणी माझी वस्ती विचारली नव्हती, मला ते चांगलं वाटायचं, अन् त्यातच मी वस्ती विसरून बसले. अन् दुसरं म्हणजे, ते पाणी न घ्यायचं पहिल्या दिवसांचं असतं, चूल बंद असती तवाचं. पोरीला जाऊन चार महिने झाले व्हते. चूल कव्हाच पेटली व्हती.

मी म्हणलं, गुरुजी, माझी चूक हाय.

गुरुजी म्हणले, "फळ्यावर मी लिहिलं. पण रंजना, तिथं माझं धोतर उपयोगाचं न्हाई. तू जा ह्यांच्यासंगं."

मी किती भेले काय सांगू. एस्टीत बसले, बबी मांडीवर, नागनाथ मास्तर पुढच्या बाकावर. मला एकच दिसत व्हतं, की जिचं सोंग मी वर्षभर केलं ती बाई खरीखुरी समोर येणार. वाटायचं तिनं बघितलं की तिला कळंल. कळंल की हीच ती. उलटी आली मला, कंडक्टरनं गाडी थांबवली.

वस्तीत पोचलो तर टँकर येऊन गेलेला, जमीन जराक ओली, तिथं कोंबड्या चोच मारून राहिलेल्या. गयाबाईच्या दारात तुराट्यांचा ढीग. ती तुराट्या बांधून भिंतीचा कूड करून राहिली व्हती. मला वाटलं व्हतं सुकलेली, म्हातारी बाई असंल. माझ्याच वयाची! दोन-चार वर्षांनं मोठी. तिनं वर बघितलं, मास्तरला बघितलं, अन् परत बांधाया लागली. धाकटी पोरगी तिला एकेक तुराटी देऊन राहिली. शेजारच्या दारात एक म्हातारी, सोजर आजी म्हणत्यात तिला. ती म्हणली, "आले का धुतले तांदूळ. आता संगं बाई आणली."

आम्ही खाली बसलो. कुणी बस म्हणलं न्हाई. ऊन व्हतं. बबी रडायला लागली, पानी पानी. मी तिला दाबून धरलं, गप, गप. गयाबाई उठली, आत गेली, छोटा गिलास घेऊन आली अन् बबीच्या तोंडाला लावला. मास्तरकडं बघितलं बी न्हाई. परत तुराट्यात.

नागनाथ मास्तर अडकत अडकत म्हणले, "बाई, मला... मला बी द्या."

"तुमाला चालतं व्हय?" मान वर न करता.

"त्या दिवशी माझं चुकलं. मला तसं शिकवलं व्हतं. दुःखाच्या घरी घेऊ नये म्हणून."

"कुणी शिकवलं?"

मास्तर चांगला माणूस, माझं नाव घेईना. मी म्हणलं, "मी शिकवलं."

तिचे हात थांबले.

मग माझ्या तोंडातून सगळं पडलं, थांबताच येईना, की मी नांदेडला कामाठी हाय, तिथं नवे हेडमास्तर येत्यात, त्यांला घरी कसं जायचं ते शिकवत्यात, अन् मी तुमच्यावानी आई होऊन बसते, त्यांच्यापुढं, ते मला भेटायला येत्यात, मी बी बौद्धच हाय ताई, उमरीकडची, मला कळायला पाहिजे व्हतं, मी सांगितलं पाणी घेऊ नका म्हणून, ते फळ्यावर लिहिलं...

सोजर आजी म्हणली, "ऐकलं का गं गया! तुझं सोंग काढत्यात नांदेडला. आता तिकिटं बी लावतेल."

गयाबाई माझ्याकडं बघून राहिली. मग म्हणली, "कशी बसतीस? दाव."

"ताई, नगं."

"दाव म्हणलं ना."

मी बबीला मास्तरकडं दिलं. पदर तोंडावर घेतला. गुडघे वर, मान खाली, एक हात कपाळाला. जसं वर्षभर बसले तसं. उन्हात, तिच्या दारात. पदराच्या आत मला माझाच श्वास ऐकू येऊन राहिला. मला वाटलं आता ही मारंल मला. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मी कुठं बसले गं अशी?" ती म्हणली.

मी पदर काढला.

"मी बसतच न्हाई. बसलं की ती दिसती. इचार ह्या आजीला, चार महिन्यात मी टेकले का कुठं? दळते, शेणी लावते, लोकाचे कूड बांधून देते. कुणी भेटायला आलं तर माझे हात चालूच. येत्यात, बसत्यात, मी काम करते, जात्यात."

सोजर आजी आता निराळ्या आवाजात म्हणली, "खरं हाय ते. रांडंनं पाठ टेकली न्हाई भुईला."

गयाबाई मास्तरकडं वळली. "तुमी आले त्या दिवशी मी हातातलं टाकून उठले. पयल्यांदा उठले. म्हणलं साळंतून कुणीतरी आलं. पाणी न्यावं."

मास्तरनं चष्मा काढला. बबी त्यांच्या मांडीवर, तिनं तो चष्मा वढून घेतला तरी त्यांला कळलं न्हाई.

"आता न्हाई उठत मी," गयाबाई म्हणली. "रांजण आत हाय, डाव्या हाताला. पेयाचं असंल तर घ्या हातानं."

वस्तीतले दारादारात उभे. मास्तर उठले, चप्पल काढली, वाकून आत गेले. आम्हाला रांजणाचं झाकण वाजलेलं ऐकू आलं. बाहेर आले तर तांब्या भरलेला, दारातच उभं राहून पेले, सगळा, घटाघटा, अर्धं पाणी सदऱ्यावर. सोजर आजी म्हणली, "सांडू नका मास्तर, टँकर आता परवा येणार." कुणीतरी हसलं.

मग ते खाली बसले अन् तुराटी घेऊन गयाबाईला देऊ लागले, धाकटीच्या जागी. दोन दिल्या. तिसरी दिली तर ती म्हणली, "ती किडकी हाय. बघून द्या." त्यांनी बघून दिली.

असंच चाललं लई वेळ. मग गयाबाई म्हणली, "साळंचं पाणी आता कोण वढतं?"

"साळा भरतच न्हाई बाई. पण माझ्यापुरतं मी वढतो. हिरीच्या तोंडावर लाकडं टाकलेत, फळकुटाला कुलूप हाय. किल्ली माझ्याकडं. लेकरू जाणार न्हाई तिथं."

"पाळी?"

"पाळी बंद."

ती धाकटीला म्हणली, "जा गं, तुझी पाटी कुठं हाय बघ, चुलीमागं असंल. धुऊन ठेव." पोरगी उभीच. "जा. साळंला आज न्हाई. आज मला कूड पुरा करायचाय. उद्या जाय."

निघताना मी "येते" म्हणले न्हाई. नागनाथ मास्तर बी न्हाई. गयाबाईनं आमच्याकडं बघितलं न्हाई, तिचे हात चालू व्हते. मला वाटलं व्हतं मन हलकं होईल, तर तसं काही झालं न्हाई. एस्टीत बबी झोपली, अन् मी खिडकीतून वाळलेलं रान बघून राहिले. मी वर्षभर किती हेडमास्तर पास केले, अन् ते सगळे नसलेल्या बाईपुढं बसायला शिकून गेले. ते आता कुठं कुठं असतेल, कुणाकुणाच्या दारात हात जोडून उभे असतेल, माझ्यामुळं. त्यांला कोण सांगणार?

गुरुजींला मी सगळं सांगितलं. त्यांनी फळा पुसला न्हाई, कारण तो कव्हाच पुसला गेला व्हता. पण त्यांनी जुन्या वह्या काढून एकेका हेडमास्तरला कार्ड लिहिलं, आपल्या हातानं, की पाणी दिलं तर घ्या. उत्तरं चार-पाच आली. बाकीच्यांचं माहीत न्हाई.

पुढची तुकडी आली. गुरुजी म्हणले, "रंजना, बस." मी म्हणलं, "गुरुजी, मी बसत न्हाई आता." मागच्या खोलीतून सूप आणलं अन् रेशनची ज्वारी. ती ज्वारी म्हणजे निम्मे खडे. सतरंजीवर सूप घेऊन निवडायला लागले, तोंडावर पदर न्हाई काही न्हाई. पहिले हेडमास्तर आले, थोडे घोटाळले. म्हणले, बाईंनी जराक काम थांबवावं, मला बोलायचंय. मी निवडून राहिले. ते गेले. दुसरे आले, ते उभं राहावं का बसावं ह्यातच अर्धा पाठ गेला.

तिसरे निलंग्याकडचे, पिकलेले केस, रिटायरला दोन वर्षं राहिलेली, तवा कुठं हेडमास्तर झालेले. ते आले, माझ्यासमोर बसले. जराक वेळ माझे हात बघितले. मग सुपाच्या त्यांच्याकडच्या बाजूनं एक मूठ ज्वारी वढून घेतली अन् खडे काढायला लागले. न बोलता. बारीक खडे त्यांला दिसत नव्हते, ते दाणे जवळ धरून बघायचे. एक खडा त्यांनी काढला, एक मी. शिपाईमामाजवळची बबी सुटून आली अन् सुपात हात घालाया लागली, तर त्यांनी तिला मांडीवर घेतलं अन् तिच्या हातावर एक एक खडा ठेवून राहिले.

हॉलमध्ये कोण हाय, मला दिसंना झालं.

"रंजना," गुरुजी मागून म्हणले, "घेतलं का घरात?"

मी पुढचा खडा काढला.

"रंजना? घेतलं का न्हाई, सांग की."

माझी अर्धी ज्वारी राहिली व्हती. मी म्हणलं, "गुरुजी, थांबा जराक. एवढं होऊ द्या."